दोराचं दुसरं टोक

भरतीच्या मैदानावर मी दोर धरतो. ऐकायला हलकं वाटतं, पण एकदा करून बघा. पोरींचा घोळका धावत येतो, साहेब खुर्चीत बसून आत आलेल्यांवर नजर ठेवतात आणि जागा भरल्या की शिट्टी मारतात. शिट्टी वाजली की जमिनीवरचा दोर खसकन छातीपर्यंत उचलायचा. आत आल्या त्या फौजेत, बाहेर राहिल्या त्या घरी.

दुसऱ्या टोकाला आमचा लंबू असायचा. तो निवृत्त झाला आणि त्याची जागा भरायची नाही असा वरून हुकूम आला. घ्या! भरतीच्या खात्यातच भरती बंद. तेव्हापासून ते टोक खांबाच्या बुडाला बांधलेलं असतं. सगळीकडे हीच तऱ्हा. फाटकावरचा गडी फाटक, कोठार आणि पाण्याची टाकी एकटाच सांभाळतो, आणि फाटक उघडायला उशीर का म्हणून बोलणीही तोच खातो. बराकीत रिकाम्या खाटा भिंतीला टेकवून ठेवल्यात. माणसं कमी म्हणून वरचे ओरडतात, आणि माणसं मागितली की हात वर करतात.

माझ्या बहिणीची मुलगी भिंगरी यंदा धावणार होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे हीच शेवटची संधी. रोज सकाळी मी तिला पळवायचो. "आधी दम राख, शेवटच्या फेरीत एकेकीला गाठ, आणि ढिली पडू नकोस," एवढाच माझा धोशा.

"तू आयुष्यभर दोर धरलास मामा, आणि पळायचं मला शिकवतोस होय?" ती धापा टाकत म्हणायची. घरात ती मला अरेतुरेच करते.

भरतीच्या दिवशी पोरी रांगेत उभ्या राहिल्यावर साहेबांनी मला जवळ बोलावलं. "यंदा जागा निम्म्यावर आल्यात. शिट्टी लवकर वाजेल, गाफील राहू नकोस."

दम राखायचा सल्ला गेल्या वर्षीच्या जागांच्या हिशेबाने दिलेला. आता तिला सांगणार कसं? तोवर त्या सुटल्यासुद्धा.

भिंगरी माझं ऐकणारी पोरगी. मागे राहिली, दम राखला, शेवटच्या फेरीत एकेकीला मागे टाकत सुसाट आली. दोर अगदी हातभर अंतरावर असताना शिट्टी वाजली. मी दोर उचलला. तो तिच्या छातीला लागला आणि ती थांबली. खांबाच्या बाजूला दोर खालीच होता, तिथून दोघी उडी मारून आत घुसल्या. त्यांना बाहेर काढताना मोठी बाचाबाची झाली. भिंगरी मात्र दोराला हात लावून उभीच होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. "सख्ख्या मामाने अडवली पोरीला," असं ती येईल त्याला सांगायची. तिचं तरी काय चुकलं?

त्या बाचाबाचीमुळे साहेबांनी वर लिहिलं की खांबाने भागत नाही, तिथे माणूस पाहिजे. कायमचा मिळणार नव्हताच. रोजंदारीवर कोणी बघ म्हणाले. मी घाबरत घाबरत भिंगरीला विचारलं. वाटलं, अंगावर येईल. तिने फक्त विचारलं, "गणवेश असतो का?"

"रोजंदारीला नसतो गं."

"बरं," म्हणाली, आणि आली.

पुढच्या भरतीला लंबूच्या जागी ती उभी होती. साहेबांनी शिट्टी मारली तेव्हा एक पोरगी अगदी तोंडाशी आलेली, लालबुंद, डोळे फक्त दोराच्या पलीकडे लागलेले. खरं सांगतो, माझा हात उचलेना. दोराचं माझं टोक जमिनीवरच राहिलं.

भिंगरीचं टोक मात्र शिट्टीसरशी वर गेलं होतं. एका हाताने दोर ताणून धरत तिने दुसऱ्या हाताने त्या पोरीला अडवलं. मग माझ्याकडे बघून, साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, ढिले पडू नका."

मी दोर उचलला.