सासर, माहेर आणि परात

त्या दिवशी घरात सगळे नेहमीसारखे चालले होते. सकाळी बाबांनी शिलाईयंत्रावर एका शर्टाची कॉलर उलटवून शिवली आणि चहा पिता पिता माझ्यात एक विनोदी सिनेमा लावला. जुन्या टीव्हीचा आवाज बसलेला आणि आईला कमी ऐकू यायचे. म्हणून बाबा प्रत्येक वाक्य तिच्या कानाशी म्हणून दाखवत होते. नोकराचा आवाज चिरका, मालकाचा घोगरा. विनोद यायच्या आधी ते स्वतःच हसू लागत, त्यामुळे नेमका विनोद आईला कधी कळायचाच नाही. सिनेमा अर्ध्यावर आला आणि दारावरची घंटी वाजली. नवा टीव्ही आला होता, आणि त्याच्यासोबत एका लांबट खोक्यात साऊंडबार.

"उरलेला उद्या," बाबा म्हणाले. "उद्या तू तुझ्या कानांनी ऐकायचा. माझी नोकरी संपली."

मित्रांनो, मी एक जुना डिस्क प्लेअर आहे. माझ्या पोटात त्या दिवशी अर्धा पाहिलेला सिनेमा राहिला. झाकण उघडले नाही, तर थांबलेली जागा मी विसरत नाही. माझ्याकडे गुण थोडे आहेत, पण हा एक पक्का आहे.

माझा जन्म एका लांबच लांब टेबलावर झाला. एकीने माझ्यात भिंग बसवले, दुसरीने चाक बसवले, आणि शेवटच्या बाईने माझ्या पाठीवरच्या एका चपट्या खाचेत रबरी बूच लावून बोटाने दाबले. ती खाच कशासाठी आहे हे मला कोणी सांगितले नाही. बाबांनी मला घरी आणले तेव्हा त्यांनीही ती पाहिली. ते शिंपी होते, त्यामुळे म्हणाले, "याच्या पाठीला एक काज आहे. याचं बटण अजून बाजारात यायचंय." मग लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन वायरी जोडून त्यांनी मला जुन्या टीव्हीशी बांधून टाकले.

वायरी जोडण्याची त्यांची स्वतःची रीत होती. कापडाच्या पट्टीचा तुकडा घ्यायचा, त्यावर लाल दोऱ्याने अक्षरे भरायची आणि वायरीच्या टोकाला टाचून टाकायचा. चित्र जिथून निघते ते टोक म्हणजे माहेर. जिथे जाते ते सासर. "एकदा समजलं की जन्मात चूक होत नाही," असे ते म्हणत. शेजारच्यांच्या घरीसुद्धा त्यांनी वायरींची अशी लग्ने लावून दिली होती.

जोडणी झाली, की ते टीव्हीच्या मागून ओरडत, "आला का?" आवाज आला का, हे समोर उभे राहून सांगण्याचे काम त्यांच्या मुलीचे असे. ती तेव्हा एवढीशी होती. सदा पुस्तकात डोके, आणि बोलणे जिवावर आलेले. आवाज आला की ती मान डोलवायची.

"आला का गं?"

मान.

"अगं, टीव्हीच्या आरपार दिसतं का मला? तोंड काय फक्त भात खायला दिलंय?"

मग बाबा जाळ्या झटकत बाहेर येत, तर ती अजून मान डोलवतच उभी. त्यांनी तिचे नाव नंदी ठेवले ते त्यावरून, नंदीबैलावरून. पुढे ती नोकरीसाठी दूर गेली, मोठी झाली, पण फोनवर बाबा तिला नंदीच म्हणत. बाबा भरभरून बोलत आणि ती 'हं' म्हणे. त्यांना तेवढ्यावर भागवून घ्यायची सवय होती.

त्या काळात मला किती मान होता, काय सांगू. गल्लीतली मुले माझ्यासमोर मांडी घालून बसत. नंतर प्रत्येकाच्या हातात फोन आले आणि माझ्या डोक्यावर कात्री, टेप, मोज्यांचा जोड असे काहीबाही येऊन बसू लागले. बाबा मात्र तो पसारा बाजूला करून मला रोज पुसत.

तर त्या दिवशी दुकानाच्या माणसाने नवा टीव्ही स्टँडवर ठेवला आणि जुना उचलून नेला. जाण्याआधी त्याने बाबांना टीव्हीची पाठ समजावून सांगितली. सारख्या दिसणाऱ्या तीन खाचा होत्या. त्यांपैकी एकीच्या खाली बारीक अक्षरांत ए-आर-सी लिहिलेले होते.

"साऊंडबार याच खाचेत लावायचा, काका. बाकीच्या खाचांतून आवाज फक्त आत जातो. ह्या एकीतून परत येतो."

"म्हणजे सासरी गेलेली पुन्हा माहेरी येते," बाबा म्हणाले.

"तसं म्हणा," तो हसून म्हणाला.

बाबांना इतका आनंद झाला, की त्यांनी आईच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितले, "ह्या खाचेतून परत येतो."

"परात येते?" आई म्हणाली. "कशाला? आहेत की घरात दोन."

बाबा खुर्चीवर बसून हसले. डोळे पुसून म्हणाले, "येऊ दे. फुकट आहे."

त्यांनी शिवणाच्या खडूने त्या खाचेभोवती काजाला करतात तशी खूण केली. संध्याकाळी ते दोन नव्या वायरी घेऊन बसले. एकीच्या टोकांना माहेर आणि सासर असे टाचले. दुसरीच्या दोन्ही टोकांना एकच शब्द भरला, माहेरपण. मग दात लावून दोरा तोडला आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. झोपेतच गेले.

नंदी आली. माणसे आली, बसली, निघून गेली. नंदी कोणासमोर रडली नाही. आलेल्यांना तिने पाणी दिले, चादरींच्या घड्या घातल्या, बाबांच्या यंत्राला तेल दिले. नवा टीव्ही काळा, आणि साऊंडबारचे खोके भिंतीला टेकलेले. आई त्या खोक्याकडे बघून म्हणाली, "देऊन टाक ते. मला कोण आता म्हणून दाखवणार? चित्रं बघून काय करू?"

नंदीने दुकानात फोन लावला. दुपारनंतर माणूस येऊन साऊंडबार नेणार असे ठरले. "जुना प्लेअर असेल तर तोही नेतो, भंगारात घालू," असे तो म्हणाला. नंदी 'हं' म्हणाली.

मित्रांनो, माझे काय झाले असेल याची कल्पना करा. भंगाराची भीती होतीच. पण त्याहून मोठी हळहळ ही, की माझ्या पोटातला अर्धा सिनेमा आईने तिच्या कानांनी ऐकायचा होता, आणि ते आता होणार नव्हते.

जेवणे झाल्यावर नंदीने माझ्या तीन वायरी सोडवायला मला उलटे फिरवले. तेव्हा तिला ते बूच दिसले. तिने नखाने उचकटले. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला पहिल्यांदा वारा लागला. ती खाच बघत राहिली, मग तिने शेजारी पडलेली, माहेर आणि सासर टाचलेली वायर उचलली. टोक चपटे. खाच चपटी. बटण बाजारात आले होते.

तिने माहेर माझ्या पाठीत खुपसले आणि सासर टीव्हीत. दोघांची बटणे दाबली, तसा मी थरथरलो. पडद्यावर माझे निळे चित्र उमटले, आणि ते असे स्वच्छ, की माझे मलाच खरे वाटेना.

"आई, हे बघ," नंदी म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला होता. "साऊंडबार पण लावून बघू. माणूस यायला वेळ आहे."

खोके फाडले. साऊंडबार लांब, काळा, सपाट.

"ही तर ह्यांची कापड मोजायची पट्टी," आई म्हणाली.

नंदीने दुसरी वायर घेतली आणि थबकली. "दोन्हीकडे माहेरपण? आई, बाबांनी असं काय लिहिलंय? हिला सासर नाहीच का?"

"काय?"

"सासर," ती आईच्या कानाशी म्हणाली.

"सासरचे गेले ना परवा."

नंदीने कपाळाला हात लावला. तिला वाटले बाबा थकले असतील, चुकून तोच शब्द दोनदा भरला असेल. तिने टीव्हीची पाठ फडक्याने पुसली. मी आतून ओरडत होतो, अगं ती धूळ नाही, खडू आहे. पण माझे ओरडणे वायरीवाचून कोणाला ऐकू जाणार? तिने माहेरपण हाताला आली त्या खाचेत लावले. साऊंडबारचा दिवा लागला, पण तो मुका. माझ्या निळ्या चित्राबरोबर वाजणारी धून टीव्हीच्या पाठीमागूनच येत होती, माठात वाजल्यासारखी. आईने कानामागे हात धरला, मग तो हळूच खाली घेतला.

"राहू दे गं. नशिबात नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "परातसुद्धा आली नाही बघ. फसवलं त्या माणसाने."

"कसली परात?"

"अगं, हे म्हणाले ना त्या दिवशी. टीव्हीच्या मागे बोट दाखवून. ह्या खाचेतून परात येते म्हणाले. मी म्हटलं, आहेत की घरात दोन, तर हसत बसले."

"आई, काय म्हणाले? नीट सांग. ह्या खाचेतून काय येते?"

"परात येते. का परात येतो. येतोच म्हणाले बहुतेक. पण मला वाटलं, परात 'येतो' कशी होईल."

नंदीच्या हातातून फडके पडले. "परत येतो," ती म्हणाली. "आई, परत येतो. आवाज परत येतो. माहेरपण."

आणि ती हसायला लागली. बाबा बसायचे त्याच खुर्चीवर बसून, डोळे पुसत हसली. ते पुसणे बराच वेळ चालले. आई तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली आणि काही समजले नसतानाही हसत राहिली.

मित्रांनो, मध्येच एक सांगून घेतो. जुनी वस्तू टाकायची असेल तर जरूर टाका, घरात जागा थोडी असते. पण टाकण्याआधी एकदा तिची पाठ बघा. आणि घरातले कमी ऐकणारे माणूस काही भलतेच बोलले, तर हसा, पण ते शब्द सांभाळून ठेवा.

नंदी मोबाइलचा उजेड पाडत टीव्हीच्या मागे शिरली. अर्धी पुसलेली खडूची खूण तिला दिसली. तिच्याखाली ए-आर-सी ही अक्षरेही दिसली. तिने माहेरपण तिथे लावले आणि सिनेमा चालू करायला आईला सांगितले. आईने माझे बटण दाबले. मी जागा विसरलो नव्हतो. त्या दिवशी जिथे घंटी वाजली होती, तिथून पुढचे वाक्य मी सोडले. त्या काळ्या पट्टीतून नोकराचा चिरका आवाज खोलीभर उमटला, एकेक अक्षर सुटे.

"आला का?" टीव्हीच्या मागून नंदी ओरडली.

नोकर बडबडतच राहिला.

"आई, आला का?"

आई समोर उभी होती. कानामागे हात नव्हता. डोळे पडद्यावर, आणि ती नुसती मान डोलवत होती. मग मालक काहीतरी बोलला आणि आई विनोदावर हसली, अगदी वेळेवर.

नंदी जाळ्या झटकत बाहेर आली. आईला मान डोलवताना तिने पाहिले. मग ती लहानपणी उभी राहायची त्या जागी येऊन उभी राहिली. दारावरची घंटी वाजली, दुकानाचा माणूस आला होता. ती हलली नाही. टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या अंधाऱ्या फटीकडे बघत ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली,

"आला, बाबा. आवाज आला."