एकच ओरखडा

मोन्सेफने तांब्याचं नाणं टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून धरलं आणि काठावर कानस चालवली. तीन-चार फेऱ्यांत खाच पडली. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या एका कॅफेत दर रविवारी जमणाऱ्या नाणेवाल्यांचा हा दंडकच होता. खोटं ठरलेलं नाणं मालकाने स्वतःच्या हाताने कापायचं, म्हणजे पुढे कुणी फसायला नको. खरं-खोटं ठरवायचे ते सी तैयब, म्हणजे तैयबसाहेब. ते निवृत्त मास्तर होते, आणि बेच्या, म्हणजे ट्युनिसच्या जुन्या राज्यकर्त्यांच्या, काळच्या तांब्याच्या नाण्यांत त्यांचा शब्द शेवटचा.

त्या दिवशी निवाडा करायला त्यांना कॉफी निवण्याइतकाही वेळ लागला नव्हता. मोन्सेफच्या नाण्यावर तुर्की सुलतानाच्या नावावरून एक तिरका ओरखडा गेला होता. तैयब यांनी ताडून पाहायला त्याच्या हातात दिलेल्या स्वतःच्या नाण्यावरही तस्साच, तिथेच.

"दोन नाण्यांना एकच ओरखडा पडत नसतो," ते म्हणाले होते. "एकावरून साचा घेऊन दुसरं ओतलंय. आणि माझं तर चाळीस वर्षं माझ्यापाशी आहे."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मोन्सेफ दातांच्या कवळ्या बनवायचा, आणि समोर बसलेले सगळे ऐकत होते.

"कवळ्या ओतून कंटाळलास वाटतं, मोन्सेफ? म्हणून नाणं ओतलंस?"

सगळे खो खो हसले. मोन्सेफही हसला, जरा उशिरा. पुढच्या रविवारी तो आला नाही.

दहा-बारा दिवसांनी तैयब यांच्या मुलाने ल्याँहून एक नवा नाजूक काटा पाठवला. काटा बरोबर आहे का ते पाहावं म्हणून त्यांनी आपलं सगळ्यांत खात्रीचं, तेच ओरखड्याचं नाणं त्यावर ठेवलं. पाकिटावर त्यांच्याच तरुणपणच्या अक्षरात 'उत्तम' असा शेरा होता. तेव्हापासून त्यांनी ते कधी तोललं नव्हतं. आईच्या वयाचा दाखला कोण मागतो?

वजन दीड ग्रॅम कमी भरलं. काटाच बिघडलेला, असं म्हणून त्यांनी दुसरी सात नाणी ठेवून पाहिली. सातही चोख उतरली. मग त्यांनी भिंग घेतलं. काठावरून साच्याचा सांधा गेला होता, कानसून लपवलेला. अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल होत्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं. खरं नाणं मोन्सेफचं होतं, आणि ते त्यांनी त्याच्याच हातून कापवलं होतं.

ते तसेच उठून मोन्सेफच्या कारखान्यात गेले. तो मेणाचा एक दात कोरत होता. त्याने स्टूल पुसून पुढे केलं.

"माझं ओतीव आहे," तैयब उभ्यानेच म्हणाले.

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"सी तैयब, मी दिवसभर तेच करतो. तुम्ही हातात दिलंत तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

मोन्सेफने दातावरचा भुगा फुंकला. "तुम्ही आधी बोललात. नंतर मी काही बोललो असतो, तर आपली लाज झाकायला बोलतोय असं वाटलं असतं सगळ्यांना. आणि खरं सांगू का, तुमचं तोंड पडलेलं मला बघवलं नसतं. माझ्या अब्बांना वाचायला तुम्हीच शिकवलंत, मोठेपणी, रात्रीच्या वर्गात."

"रविवारी सगळ्यांसमोर सांगतो मी," तैयब म्हणाले.

"नका सांगू. झालं ते झालं. या वयात कशाला?"

तैयब यांच्या छातीवरचा दगड उतरला. इतकं हायसं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आणि हायसं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोवर त्यांच्या तोंडून "बरं" निघून गेलं होतं. मोन्सेफ मान खाली घालून पुन्हा दात कोरायला लागला होता.