मी चढलेला एकच चढ

मी एक जुनी गाडी आहे, टेस्ट ड्राइव्हची. वय म्हणाल तर जेमतेम चार वर्षं. पण माझ्या क्लचवर जितक्या अनोळखी पायांनी थयथयाट केला, तितके पाय एखाद्या कचेरीच्या जिन्यावरूनही गेले नसतील. म्हणून जुनी.

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्या बोलण्यात थोडी भर असते. शोरूममध्ये वाढलेलीकडून दुसरं काय निघणार? मात्र बाईंची जी हकीकत सांगणार आहे, तिच्यात चिमूटभरही भर नाही. असती तर बरं झालं असतं.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मागेपुढे माझ्याच बहिणींची रांग होती. रंग तोच, दिवे तेच, नाकीडोळी सगळ्या सारख्या. फरक होता तो पोटात. बहुतेकींना लहान इंजिन बसवलं, मला मोठं. मोठ्या इंजिनाच्या आम्ही मोजक्याच. बाकीच्या बहिणी घरोघरी गेल्या, कुणाच्या अंगणात, कुणाच्या झाडाखाली. मी मात्र शोरूमच्या दारात राहिले. लोकांनी मला चालवून बघायचं आणि घरी दुसरीला न्यायचं, हा माझा धंदा.

माझा रस्ता ठरलेला. फाटकातून डावीकडे, मग परत डावीकडे, आणखी दोनदा डावीकडे, की आलं पुन्हा फाटक. रस्ता असा सपाट, की वर ठेवलेली गोटीसुद्धा विचार करत बसेल कुठे जावं म्हणून. तिसऱ्या वळणावर एक कुत्रा झोपायचा, तो माझ्या फेऱ्या मोजून कूस बदलायचा. एकदा माझी फेरी चुकली तर बिचाऱ्याचं अंग आखडलं! टाकीत पेट्रोल घोटभर. एसी मात्र असा लावायचे की गिऱ्हाइकाच्या मिशा ताठ व्हाव्यात, आणि गाणी इतकी मोठ्याने, की इंजिनाने हंबरडा फोडला तरी कळू नये.

फाटकातून उजवीकडे दोन चौक गेलं की एक उभा चढ होता. तिकडे माझं तोंडही वळवायचं नाही, अशी केबिनमधल्या साहेबांची ताकीद. म्हणे एका गिऱ्हाइकाने तिथे क्लच जाळला. चार वर्षांत माझा क्लच कधी जळला नाही, मित्रांनो. पण मला विचारतो कोण?

त्या चढाच्या टोकाला बाई राहायच्या. टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या. साठीला दोन वर्षं असताना गाडी शिकल्या आणि पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलं. कशासाठी? तर नवऱ्यासाठी. त्यांचे यजमान बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, सगळे त्यांना बँडमास्तर म्हणत. जन्मभर फुंकून फुंकून मास्तरांच्या छातीत आता मेणबत्ती विझवण्याइतकाही दम उरला नव्हता. आठवड्यातून दोनदा दवाखाना. तो चढ रिक्षावाले चढत नसत, आणि मास्तर दहा पावलांवर बसकण मारत. मग शेजारची चार मुलं त्यांना खुर्चीत घालून वरखाली करायची.

मास्तर म्हणायचे, "चौघांनी उचललं की वाटतं, रंगीत तालीम चाललीय."

मुलं हसायची. बाई हसत नसत.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी जागेवर नव्हते, साहेबांच्या मेव्हण्याला स्टेशनवरून आणायला गेले होते. दोन तास बाई सोफ्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या खेपेला माझी बॅटरी झोपलेली, कारण जेवणाच्या सुट्टीत शोरूमची पोरं माझ्यात बसून गाणी ऐकायची. तिसऱ्या खेपेला लायसन्सची झेरॉक्स चालेना. चौथ्या खेपेला खरं लायसन्स आणलं, तर पहिली फेरी कंपनीच्याच माणसाने मारायची असा नियम निघाला.

हा कंपनीचा माणूस म्हणजे गोडबोल्या. नाव वेगळं असेल, पण सगळे त्याला तेच म्हणत. जिभेवर साखर, शर्टाला कडक इस्त्री. पोरगा वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. घरी म्हातारी आई होती आणि महिन्याअखेर साहेब सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन ओरडत.

बाई त्याला म्हणाल्या, "हे बघ बाळा, मला तुझी गाणी नकोत, तुझा गारवा नको. आमचा चढ अरुंद आहे, समोरून कुणी आलं की मध्येच थांबावं लागतं. मला एवढंच बघायचंय, की चढाच्या मध्यावर गाडी थांबली तर पुन्हा वर जाते की मागे येते."

"मॅडम, ही गाडी डोंगर चढेल डोंगर!"

"डोंगर राहू दे. तो समोरचा चढ चढू दे."

"रूट ठरलेला असतो ना, मॅडम."

पाचव्या खेपेला बाई आल्या त्या बँडमास्तरांना घेऊनच. दवाखान्याचा दिवस होता, मुलांनी सकाळीच त्यांना खुर्चीतून खाली आणलं होतं. मास्तरांना मागच्या सीटवर बसवलं, बाई स्टिअरिंगवर बसल्या, गोडबोल्या शेजारी. फाटक आलं. गोडबोल्या म्हणाला, "आता लेफ्ट, मॅडम."

बाईंनी मला उजवीकडे वळवलं.

"मॅडम! मॅडम, अहो, माझी नोकरी जाईल!"

"बेल्ट लाव," बाई म्हणाल्या.

मागून मास्तर म्हणाले, "पोरा, चाळीस वर्षं झाली लग्नाला. मी कधी थांबवू शकलो नाही, तू काय थांबवणार?"

मित्रांनो, तो चढ असा उभा, की वर बघताना माझ्या पुढच्या काचेत नुसतं आभाळ. बाईंनी अगदी मध्यावर मला थांबवलं. हँडब्रेक ओढला. मागे मास्तरांचा श्वास सूं सूं वाजत होता. गोडबोल्याने डोळे मिटून घेतले. बाईंनी हळूच क्लच सोडला, हँडब्रेक खाली केला. मी तसूभरही मागे सरकले नाही. पोटातून असा काही जोर आला की मी सरळ वर निघाले. खोटं वाटेल, पण त्या क्षणी मी ट्रकलाही ओढून वर नेलं असतं.

दारासमोर थांबले. मास्तर दाराचा आधार घेऊन उतरले आणि स्वतःच्या पायांनी तीन पावलं चालून उंबऱ्यात गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा खुर्चीशिवाय. तिथे उभे राहून म्हणाले, "अगं, दम लागला नाही. खरंच लागला नाही."

बाईंनी गोडबोल्याला पाणी दिलं. मग विचारलं, "मला हीच मिळणार ना? अगदी हीच?"

मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. मोठ्या इंजिनासाठी आठ महिने थांबावं लागायचं. शोरूमच्या अंगणात उभ्या होत्या त्या सगळ्या लहान इंजिनाच्या, आणि त्या खपायला हव्या होत्या. चढ बंद होता तो यासाठीच. चढावर कुणी थांबवून पाहिलं, की प्रश्न विचारणार, हीच मिळणार का म्हणून. गोडबोल्याने तोंड उघडलं. बाईंकडे बघितलं, उंबऱ्यातल्या मास्तरांकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतोय.

"हीच, मॅडम. सेम टू सेम."

माझ्या जन्मातली ती एकच खरी धाव. आणि तिनेच बाईंचा घात केला. मी चढले नसते, अडखळले असते, मागे घरंगळले असते, तर बाई हात झटकून दुसरीकडे गेल्या असत्या.

दहा दिवसांनी माझी धाकटी बहीण त्यांच्या हवाली झाली. पुठ्ठ्याची हातभर किल्ली हातात देऊन फोटो काढला. टाळ्या वाजल्या. आणि चौथ्या दिवशी बाई तिला घेऊन परत आल्या. मास्तरांना मागे बसवून मध्यावर थांबली, की ती मागेच येते. तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा शेजाऱ्याने चाकामागे दगड लावला, म्हणून निभावलं.

केबिनचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

साहेब म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर इंजिन लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

"मी जी चालवली ती चढली होती."

"ती वरच्या मॉडेलची गाडी. आणि तुम्हाला चढावर न्यायला सांगितलं कुणी? रूट मोडलात तुम्ही. आम्ही काही बोललो नाही, हा आमचा चांगुलपणा."

"या मुलाला विचारा. मी त्याला विचारलं होतं."

गोडबोल्या इस्त्रीच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकत होता.

बाई बाहेर आल्या. जाताना माझ्याजवळ थांबल्या, बॉनेटवर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी ठरवलं, आपण आता खरं बोलायचं, माझ्याकडे बघून कुणी दुसरीला घरी नेऊ नये. गिऱ्हाईक बसलं की आचके द्यायला लागले, गिअर अडकवू लागले, चौकात बंद पडू लागले. मेकॅनिकला काही सापडेना. पंधरा दिवसांत मला मागच्या अंगणात लोटलं आणि माझ्या जागी नवी कोरी आली. मोठ्या इंजिनाचीच. ती दर फेरीला चार वेळा डावीकडे वळते. माझ्या खरं बोलण्याने एवढाच फरक पडला.

धाकटी सर्व्हिसिंगला येते तेव्हा माझ्या शेजारी उभी राहते. तिच्याकडून कळतं. ती चढाच्या पायथ्याशीच असते. सुरुवातीला मास्तरांना खुर्चीतून खाली आणायचे आणि मग ती त्यांना दवाखान्यात न्यायची. पण शेजारची मुलं मोठी झाली, नोकरीला लागून पांगली. आता चौघं जमत नाहीत, आणि मास्तर खाली येत नाहीत. दवाखाना सुटला. बाई संध्याकाळी एकट्याच उतरतात, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतात, बंद करतात, कुलूप लावतात आणि चालत वर जातात.

म्हणून मित्रांनो, माझं एक मागणं आहे. माझ्यासाठी नाही, माझं आता भंगारात काय व्हायचं ते होईल. पण तुमच्या वाटेवर एखाद्या चढाच्या पायथ्याशी अशी नवी दिसणारी, धुळीने भरलेली गाडी उभी असेल, तर तिच्या चाकातली हवा सोडू नका. वायपर ओढू नका. काचेवर बोटाने वेडंवाकडं लिहू नका. त्या गाडीत काही दोष नाही. तिला फक्त तो चढ झेपत नाही.