इव्हॉनचा पाना

मी एक जुनी गाडी आहे. मित्रांनो, गाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दरवाजे, काचा आणि मऊ गाद्या येत असतील. माझ्याकडे त्यातलं काही नाही. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, पुढे-मागे सामान बांधायला लोखंडी जाळ्या आणि माणसाच्या दोन पायांमध्ये धडधडणारं इंजिन, एवढीच मी. अलास्काच्या किनाऱ्यावर युपिक लोकांच्या ज्या गावात मी अठरा वर्षं काढली, तिथे रस्ते नाहीत. खांबांवर उभी घरं, घराघरांमधून फळ्यांची वाट, आणि ती संपली की ओली दबणारी जमीन. त्या जमिनीवर माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. मी मात्र चालते.

जून महिन्यात नदीचा बर्फ वाहून गेला आणि पहिल्या मालवाहू पडावातून मी लाकडी खोक्यात बसून आले. खोकं इव्हॉनने उघडलं. तेव्हा तो साठीला आला होता, हात मात्र पोलादी. त्याने माझ्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाला, "कामाला आलीस ना? मग तुला कधी उपाशी ठेवणार नाही बघ." त्याने शब्द पाळला. नंतर जे झालं ते माझ्या उपाशीपणाने झालं नाही, हे आधीच सांगते.

काय नाही वाहिलं मी! प्यायचं पाणी, चुलीचं रॉकेल, रक्ताने माखलेले सील, मूस नावाच्या भल्यामोठ्या हरणाची आख्खी तंगडी. पुढच्या जाळीवर नात मत्रोना बसायची आणि मी तिला शाळेत सोडायचे. इव्हॉनची बायको ओलिंका गेली तेव्हा तिची शवपेटी जाळीवर मावेना, म्हणून मागे घसरगाडी बांधली. त्या दिवशी इव्हॉनने मला इतकं हळू चालवलं की मी दोनदा बंद पडता पडता राहिले. गावात कुणाची गाडी चिखलात अडकली की लोक म्हणायचे, "इव्हॉनची बोलवा." मला बरं वाटायचं. आता खोटं कशाला बोलू?

या मत्रोनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. इव्हॉनच्या आईचं नाव मत्रोना. ती वारली आणि पुढच्याच हिवाळ्यात नात जन्मली, म्हणून नाव तिला मिळालं. या लोकांत नाव नुसतं नाव नसतं, गेलेलं माणूस त्या नावाबरोबर घरी परत येतं. म्हणून इव्हॉन नातीला पाळण्यात असल्यापासून 'आई' म्हणायचा. माशाच्या डोक्याजवळचा मऊ भाग आधी तिला. तिच्यावर आवाज चढवायचा नाही. ती मात्र त्याला आपा, म्हणजे आजोबा, म्हणायची आणि 'अहो-जाहो' करायची. ती दवाखान्यात परिचारिका झाली, सव्वीस वर्षांची झाली, तरी ते तसंच चालू होतं.

माझं ऑइल वर्षातून तीनदा बदलायचं, हा इव्हॉनचा नेम. नदीचा बर्फ फुटला की एकदा, बोरं पिकली की एकदा, आणि पाणी गोठायच्या आधी एकदा. दारापुढच्या फळ्यांवर तो परातीत पाणी घालून ठेवायचा आणि पाणी कुठे कलतंय ते बघून मला सपाट जागी उभी करायचा. एक कप चहा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग तो खाली सरकायचा, पाना लावायचा, पोटाखालचा बोल्ट सोडायचा, आणि काळं ऑइल रिकाम्या परातीत धो धो. बोल्ट तो दातात धरायचा. कारण आमच्याकडे फळ्यांना फटी असतात, आणि फटीतून चिखलात पडलेला बोल्ट पुन्हा कुणाला सापडलेला मी तरी पाहिला नाही.

ते सगळं एखाद्या पूजेसारखं चालायचं. त्या पान्याला त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, आता मी माझ्या मनातला सल सांगते. दोन हिवाळ्यांपासून इव्हॉनला नीट दिसत नव्हतं. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. फळ्यांच्या कडेवरून माझं पुढचं चाक दोनदा खाली गेलं होतं. पाना बोल्टवर बसायच्या आधी चार जागी चाचपडायचा. ओळखीच्या वाटेवर तो मला सवयीने चालवायचा, आणि मीही सवयीने जायचे. पण मी पडले लोखंड. सांगणार कशी?

गेल्या ऑगस्टमध्ये बोरं पिकली. इव्हॉनने जाहीर केलं, "उद्या सकाळी मी मासेमारीच्या तळावर जाणार. धुरीला टांगलेले मासे आणायचेत. एकटाच जाणार." तो तळ सोळा मैलांवर, मध्ये घर नाही, झाड नाही, फक्त ओली जमीन आणि अस्वलांचे माग. जायच्या आधी अर्थातच ऑइल बदलायचं होतं.

तो माझ्याखाली पडलेला, दातात बोल्ट, तेवढ्यात गोल्गा आला. गोल्गा हा त्याचा आतेभाऊ. यांच्यात मामे-आतेभावांनी एकमेकांची टर उडवायची, हा रिवाजच आहे. उडवली नाही तर माणसं विचारतात, भांडलात का?

"काय रे इव्हॉन," गोल्गा म्हणाला, "ऑइल बदलतोयस की गाडीचं बाळंतपण करतोयस? एवढ्या वेळात माझी बायको दोन पोरं काढते!"

"म्म्म," इव्हॉन म्हणाला. दातात बोल्ट होता ना.

"बघ, वाचा बसली! म्हातारा झालास. पाना दे नातीकडे आणि चुलीपाशी बस, मोजे वीण."

इव्हॉनने बोल्ट परत बसवला, थुंकला, मिशीला लागलेलं काळं ऑइल बाहीने पुसलं. "तुझ्या गाडीपेक्षा माझी गाडी दहा वर्षं जास्त जगणार. आणि मीसुद्धा तुझ्यापेक्षा! चल, निघ इथून."

गोल्गा हसत हसत गेला. त्याची काही चूक नव्हती, रोजचंच होतं ते. पण 'पाना दे' हे इव्हॉनला लागलं. तो रागातच पडवीत गेला आणि हाताला लागला तो कॅन घेऊन आला.

पडवीत दोन कॅन होते, दोन्ही पांढरे, एकाच मापाचे. एकात इंजिनचं ऑइल, त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली. दुसऱ्यात सीलचं तेल. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावातून त्याच्या बहिणीने तीनच दिवसांपूर्वी विमानाने पाठवलेलं, ताजं, सोनेरी. हे तेल म्हणजे यांच्या ताटातला जीव. सुका मासा त्यात बुडवल्याशिवाय घास उतरत नाही. लाल चिंधी इव्हॉनला दिसली नाही. वास कळला असता, पण नाकातोंडात जळक्या ऑइलचा दर्प भरलेला होता.

त्याने ते माझ्यात ओतलं.

कसं सांगू तुम्हाला! थंड, हलकं, परकं काहीतरी पोटात उतरलं. हे माझं नव्हे, हे मला लगेच कळलं. त्याने मला दोन मिनिटं चालू ठेवलं. मी खोकले, पांढरा धूर सोडला, जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. तो कान देऊन ऐकत राहिला. "आवाज वेगळा येतोय," तो पुटपुटला. मग स्वतःच म्हणाला, "थंडी असेल." ऑगस्टमध्ये थंडी! तेल मोजायची पट्टी त्याने बाहेर काढली, दोन बोटांनी चाचपली, ओली लागली, परत खोचली. पाना पुसून ठेवला आणि आत गेला.

मी तशीच उभी राहिले. सील काही इंजिन सांभाळायला जन्मलेला नाही. पाच-सहा मैल गेले असते. मग तेल फेसाळलं असतं, लोखंडावर लोखंड घासलं असतं, आणि त्या उजाड जागी मी कायमची बसले असते. माझं काय व्हायचं ते होवो. पण ज्याला पाच पावलांपलीकडचं दिसत नाही, तो परत कसा येणार होता?

वाचवलं ते कुत्र्याने. ओतताना चार थेंब माझ्या अंगावरून फळीवर ओघळले होते. दवाखान्यातून मत्रोना परत आली तेव्हा शेजारचा कुत्रा माझ्या पोटाखाली शिरून मन लावून फळी चाटत होता.

"ए, सरक! मरशील ना गाढवा, ऑइल आहे ते!" तिने त्याला ओढलं. तो पुन्हा आला. ती थबकली. इंजिनचं ऑइल कुत्रा चाटत नाही, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. तिने वाकून फळीवर बोट टेकवलं, हुंगलं, आणि जिभेला लावलं.

मग पट्टी काढली. मग पडवीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल चिंधीचा कॅन होता, न उघडलेला, गच्च भरलेला.

गोल्गा तिकडूनच चालला होता. तिने त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. त्याचं हसू मावळलं.

"याची टर मी नाही उडवणार," तो म्हणाला.

"सकाळी निघतील ते. काय बोलू मी? नातीने आजोबाला म्हणायचं, तुम्हाला दिसत नाही? जीभ झडेल माझी."

"नातीने नाहीच म्हणायचं," गोल्गा म्हणाला. "पण तू नुसती नात आहेस का? तो तुला काय हाक मारतो? मग आईसारखी बोल की." आणि थोडं थांबून म्हणाला, "माझ्याकडे ऑइलचा अजून एक कॅन आहे. धुवून काढायला लागेल. आणतो."

मत्रोना बराच वेळ माझ्या सीटला टेकून उभी होती. मग तिने हाक मारली.

"इव्हॉन."

सव्वीस वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. आत कपाचा आवाज थांबला.

"इव्हॉन, बाळा, इकडे ये."

तो आला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, बूट न घालता, लहान मुलासारखा आला. तिने त्याचा हात धरला, पट्टी त्याच्या बोटांवर पुसली आणि ती बोटं त्याच्या नाकाशी नेली.

तो खाली बसला, फळ्यांवरच.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"दोन हिवाळे झाले, आई."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी पाना काढून घेतला असता. मग माझ्याकडे राहिलं काय? चूल? मोजे?" मग तो माझ्याकडे वळला, पण बोलला माझ्याशी नाही. माझ्या पोटातल्या सीलशी बोलला. "तू आमच्या घरी पाहुणा म्हणून आलास रे. आणि मी तुला लोखंडात ओतलं. माफ कर मला." आणि तो रडला. अन्न वाया घालवणं हे यांच्याकडे मोठं पाप, सील रागावून परत येत नाही म्हणतात.

मत्रोना त्याच्याजवळ बसली. त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. तीही रडत होती. मग तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"पाना दे, बाळा."

इतकी वर्षं मी तो पाना एकाच हातात पाहिला होता. त्याने तो जवळजवळ छातीशी धरला होता. मग दिला.

ती माझ्याखाली सरकली. तो उठायला लागला तशी ती खालून ओरडली, "कुठे निघालास? बस तिथेच! बोल्ट कुणी धरायचा? फटीतून पडला तर चिखलात तू उतरणार आहेस का?"

तो बसला. तिने दिलेला बोल्ट त्याने या वेळी दातात धरला नाही, मुठीत धरला. अंगठ्याने आटे चाचपले. "आई," तो म्हणाला, "वायसर चपटा झालाय. नवा लाव. डब्यात डावीकडे आहे." तिने हात लावून पाहिलं. खरंच चपटा झाला होता. बघणाऱ्या डोळ्यांना तो कळला नसता.

गोल्गाचा कॅन ओतून मला एकदा धुतलं, ते काढून लाल चिंधीचं भरलं. पुन्हा माझं माझं वाटायला लागलं, तेव्हा जीवात जीव आला. सकाळी कुणीच गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले, दोघं. ती पुढे, तो मागे, तिच्या कमरेला धरून. वाटेत तोच सांगत होता, "आता डावीकडे घे आई, पुढे पाणी आहे." दिसत नव्हतं त्याला. पण होतं पाणी.

मित्रांनो, आता मी जुनी झाले. सीट फाटली, एका दिव्याची काच गेली. तुमच्याही घरी कुठलं ना कुठलं यंत्र असेल. त्याचं ऑइल वेळेवर बदला. ओतायच्या आधी कॅन हुंगा. त्याचा आवाज बदलला तर 'थंडी असेल' म्हणून सोडून देऊ नका. आणि ते यंत्र सांभाळणारं जे म्हातारं माणूस आहे, त्याचा आवाज बदलला तरी सोडून देऊ नका. त्याच्या हातून पाना घ्यावा लागला तर घ्या. पण त्याची मूठ रिकामी ठेवू नका.

या वर्षी बोरं पुन्हा पिकली. काल माझं ऑइल बदललं. मत्रोना खाली, इव्हॉन उलट्या बादलीवर, मूठ घट्ट मिटलेली. गोल्गा येऊन म्हणाला, "काय रे, दिवसभर बोल्ट उबवतोयस? पिल्लू कधी निघणार?"

"तू इथून निघायच्या आधी," इव्हॉन म्हणाला. या वेळी त्याच्या दातात काही नव्हतं.

ऑइल निथळून संपलं. खालून मत्रोनाचा काळा हात बाहेर आला. इव्हॉनने बोल्ट सदऱ्याला पुसला, फुंकर मारली आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"घे, आई," तो म्हणाला.