संसाराचं उदाहरण

आमचे हे शब्दकोशाच्या कचेरीत काम करतात. तिथला नियम असा, की प्रत्येक अर्थाखाली कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य द्यायचं. आता ह्यांच्याशी बाहेर कोण बोलतंय? म्हणून सगळी वाक्यं घरातून. मी भांडायला लागले की ह्यांचा चेहरा खुलतो आणि हात खिशातल्या पेनाकडे जातो. अशा माणसाशी भांडून काय उपयोग!

गेल्या आठवड्यात नवा खंड छापून आला. सासूबाईंनी कौतुकाने चष्मा लावला आणि नेमकं 'छळणे' उघडलं. उदाहरण: 'तुमच्या आईने सुरुवातीला मला छळ छळ छळलं.' खाली नाव नव्हतं, पण ह्यांना बायको एकच आहे.

तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलेनात, आणि मी ह्यांच्याशी. ह्यांच्याशी अबोला मला परवडतो, सासूबाईंशी नाही. दुपारी आम्ही दोघी मिळून गल्लीची उणीदुणी काढायचो. आता घर खायला उठलं. म्हातारी मनात अढी धरूनच जाणार, अशी मला धास्ती वाटायला लागली.

त्यात ह्यांच्याकडे शब्द आला, 'संसार'.

आज सकाळी चहा पिताना हे भिंतीलाच सांगत होते, "मूळ संस्कृत. फिरत राहणं, जन्ममरणाचा फेरा. हिंदीत सगळं जग. तमिळमध्ये बायकोलाच संसार म्हणतात. मल्याळममध्ये संसार म्हणजे बोलणं, गप्पा! आणि आपल्याकडे..." इथे थांबून आशेने माझ्याकडे बघायला लागले. वाक्य हवं होतं!

मी तोंडाला कुलूप घातलं. तोंड उघडलं ते सासूबाईंनी.

"मेल्या, चार भाषांतला संसार गोळा केलास आणि घरातल्याचं वाटोळं केलंस!"

"वा!" ह्यांनी पेन काढलं.

"लिहायचं नाही!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

मग सासूबाई चक्क माझ्याकडे वळल्या. "छळलं गं मी. खोटं कशाला बोलू? पण माझ्या तोंडावर बोलायचं होतंस."

"तोंडावर बोलले असते तर तुम्ही आणखी छळलं असतं."

"हो, ते तर आहेच," त्या म्हणाल्या, आणि मला हसूच फुटलं.

"मग मी संसारापुढे लिहू काय?" ह्यांनी विचारलं.

"आधी करून बघ, मग लिही," म्हणत सासूबाईंनी तिघांच्या उष्ट्या कपबश्या ह्यांच्यापुढे सरकवल्या. आम्ही दोघी खिडकीत जाऊन बसलो. आठवड्याभराचं बोलायचं राहिलं होतं.