आनंदाबाईंनी घासलेला तारा

"अवं, काय करून राह्यली तू? सोड तो गोटा!"

चंद्रभान दारातूनच ओरडला. विहिरीजवळच्या फरशीवर आनंदाबाई पदर खोचून बसल्या होत्या. एका हातात विटेची पूड, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी आणि पुढ्यात नवऱ्याचा तारा. त्याचा बराचसा काळेपणा नालीला लागला होता.

"नागपूरचे पावने येऊन राह्यले," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "जळक्या भाकरीवानी गोटा त्यायच्या समोर ठेवाचा? म्हणतीन, घरची बाई आळशी हाय. परवापासून घासून राह्यली मी. लय चिवट हाय मेला."

चंद्रभान मटकन ओट्यावर बसला.

इथे चंद्रभानचं खातं थोडं उघडून दाखवायला हवं. आष्टीजवळच्या या गावात त्याची शेती बरी होती, व्यसन एकच होतं, सांगण्याचं. नाल्यावर त्याला भेटलेला वाघ दर पावसाळ्याला हातभर वाढायचा. वर्धा नदीत त्याने धरलेला मासा तर एव्हाना बैलबंडीत मावत नव्हता. गावाने त्याला कधी खोटारडा म्हटलं नाही. त्याच्या रुपयाभर गोष्टीतून बारा आणे वजा करायची सवय तेवढी लावून घेतली.

त्या साली दिवाळीच्या सुमारास दोन मोठ्या घटना घडल्या. जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि दिवेलागणीला चंद्रभानच्या कपाशीत तारा पडला. पहिली घटना गावात कुणाला दिसली नाही. दुसरी एकट्या चंद्रभानला दिसली. धडाका सगळ्यांनी ऐकला होता. पण शेजारच्या शिवारात विहिरीला सुरुंग लावणं चालू होतं, तेव्हा कोण मान वर करतो? पुढे वेचणीच्या बायांना धुऱ्याजवळ, बांधाला लागून, खळगा सापडला. त्यात हा गोटा. दिसायला नारळाएवढा, पण उचलणाऱ्याचा खांदा खाली ओढणारा.

"कापसाच्या जिनाच्या भट्टीत कोळसा जळून उरते ना, ती जळकी होय ते," बबनरावांनी पारावर निकाल दिला. "पडली असन कोणाच्या बंडीतून."

"मी पाह्यला ना पडताना!"

"तुवा तं मासाही पाह्यला होता, गा."

सगळा पार हसला. त्या हसण्याने चंद्रभानला काय लागलं कोण जाणे, तो उठून उभा राहिला. "जाणत्या माणसाले बोलावू. खोटा निघाला तं वर्षभर या पारावर तोंड उघडणार नाई मी. खरा निघाला तं हा गोटा तू डोक्यावर घेऊन मोटारीच्या थांब्यापर्यंत पोचवाचा."

पाराने पैज जागच्या जागी मंजूर केली. वर्षभराची शांतता अशी रोज थोडीच पदरात पडते!

शाळेच्या मास्तरांनी नागपूरच्या कॉलेजात कार्ड टाकलं. दगडांचे प्रोफेसर कृष्णकांत वैद्य यांचं उत्तर आलं, की येतो, पण वरची काळी साल जपा, तीच मोठी खूण. चंद्रभानने ते उत्तर घरोघर नेऊन वाचून घेतलं. बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं.

प्रोफेसर आले, तेव्हा दगड पाटावर होता आणि पाटाभोवती रांगोळी. त्यांनी चष्मा सारखा केला.

"साल कुठे गेली?"

आतून आनंदाबाई म्हणाल्या, "घासली जी. मीच घासली. मले कोणं सांगतलं होतं?"

बबनराव खाकरले. "सालच नाई म्हटल्यावर..." त्यांना वर्षभराची शांतता आताच ऐकू येत होती.

प्रोफेसरांनी दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक काढलं. ते दगडाला टक्‌कन चिकटलं. पोरंटोरं पुढे सरकली.

"थांबा. इथला काळा पाषाणही थोडा ओढतो." त्यांनी कुंपणातला एक दगड मागवला. त्याच्यापाशी चुंबक नुसतं हललं आणि मागे आलं. "फरक आहे. शिवाय भट्टीतल्या जळकीला बुडबुड्यांची भोकं असतात. इथे एक नाही."

"पण साल?" बबनराव हटायला तयार नव्हते.

दगडावर खळगे होते, कणकेत अंगठे दाबल्यासारखे. एका खोल खळग्यात आनंदाबाईंचं बोट पोचलं नव्हतं. तिथे डोळ्याच्या कोपऱ्यात काजळ उरावं तशी पातळ काळी साल शिल्लक होती. प्रोफेसर ती पाहत होते, तेवढ्यात त्यांची नजर घासून गुळगुळीत झालेल्या कडेवर गेली. त्यांनी भिंग लावून ती कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग भिंग चंद्रभानच्या हाती दिलं. राखाडी अंगात चांदीच्या कण्या चमकत होत्या.

"लोखंड आहे ते. असं निखळ लोखंड आपल्याकडच्या पाषाणात मिळत नाही. ते पाहायला मला एक बाजू कानशीने घासावी लागली असती. दुसऱ्याची वस्तू कशी खराब करायची, म्हणून वाटभर संकोच वाटत होता. बाईंनी ते आधीच करून ठेवलंय." ते हसले. "उल्का आहे ही, चंद्रभानजी. आभाळातूनच आली."

"दुसरी बाजूही घासून देऊ का जी?" आतून आवाज आला.

"नको!" प्रोफेसर आणि चंद्रभान एकदमच ओरडले.

दगड नागपूरला न्यायचा, काचेच्या कपाटात ठेवायचा आणि त्याला गावाचं नाव द्यायचं, असं प्रोफेसरांनी सांगितलं. ज्याला सापडला त्याचं नाव देत नाहीत.

चंद्रभानने दगडावर एकदा हात फिरवला. "न्या," तो म्हणाला. "गावाचं तं गावाचं."

आनंदाबाईंनी जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली. बबनरावांच्या डोक्यावर तारा चढला आणि वरात मोटारीच्या रस्त्याला लागली. पहिल्या वावरापर्यंत बबनरावांची मान ताठ नि चेहरा आंबट होता. समोरून येणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, तसा आंबटपणा ओसरला.

"मी जेवून राह्यलो होतो अंगणात," ते कुणाला तरी सांगत होते. "तं काय सांगू बाप्पा, हिरवागार झगमगाट!"

"मीबी पाह्यला," वरातीत मागून चालणारा रूपराव म्हणाला.

मोटारीचा थांबा येईपर्यंत तारा न पाहिलेला माणूस गावात उरला नव्हता.

"चंद्रभान, हिरवाच होता नं गा?" बबनरावांनी विचारलं.

चंद्रभान हसला. "हिरवाच. पण तू जरा कमीच सांगून राह्यला."

मोटार धुरळ्यात गेली. तो रिकामी चुंबळ घेऊन घरी आला. आनंदाबाई चुलीपाशी होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याची एकही गोष्ट आपणहून विचारली नव्हती.

"अवो, सांगा तं खरं. कसा पडला होता तो?"

चंद्रभान पाटावर बसला. "पांढरा होता. उतू जाणाऱ्या दुधावानी. मंग लाल झाला. मंग इझला."

आनंदाबाई हातात भाकरी धरून पुढचं ऐकायला थांबल्या.

"बस?"

"बस. एवढाच."