हाडांची जागा

अरांबुरू बंधूंच्या कुरणाच्या मधोमध हमरस्ता जातो. रस्त्याच्या पूर्वेला लांडगा दिसला तर तो ओरेगन राज्याचा, पश्चिमेला दिसला तर थेट वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा. पूर्वेला तो पुन्हा पुन्हा वासरं मारायला लागला, तर राज्य त्याला गोळी घालायचा परवाना देतं. पश्चिमेला त्याच्या केसाला धक्का लावलात तर तुरुंग. दोन सरकारांनी डांबरावरून छान वाटणी करून घेतली, फक्त लांडग्यांना कळवायचं तेवढं राहून गेलं. हा विनोद धाकट्या बेनितोचा होता, आणि तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. पण मार्चमधल्या त्या सकाळनंतर त्याने तो कोणाला सांगितला नाही.

गाई वीत होत्या. पूर्वेच्या कुरणात नुकत्याच जन्मलेल्या वासराशेजारी लांडगा उभा होता. परवाना बेनितोच्या खिशात होता, बंदूक गाडीत होती. एका गोळीत काम झालं. अख्खा हिवाळा तो या लांडग्याला शिव्या घालत आला होता, पण जवळ जाऊन पाहिलं तर लांडगा म्हातारा होता, दात झिजलेले, बरगड्या वर आलेल्या. बेनितोला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. गळ्यात माग काढायचा केंद्राचा रेडिओ-पट्टा होता. मारलेला लांडगा जागचा हलवायचा नाही, आधी राज्याच्या वनखात्याला फोन करायचा, असा नियम. त्या कुरणात फोन लागत नाही, म्हणून तो घरी गेला.

राज्याकडून रोवेना हॅच आली. शेजारच्याच रँचची मुलगी, आता खात्यात अधिकारी. पट्टा केंद्राचा म्हणून सोबत केंद्राचे सोरेन्सन साहेबही आले. तिघं कुरणात पोचली, तर तिथे लांडगा नव्हता. रक्ताचं थारोळं होतं, आणि तिथून काहीतरी ओढत नेल्याचा माग ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणांमधून फाटकापर्यंत आणि फाटकातून हमरस्त्यापलीकडे गेला होता.

बेनितो मागावरून पुढे निघाला, ते दोघं त्याच्या मागे. रस्त्यापलीकडच्या घळीत हाडांची जागा होती. वडिलांच्या काळापासून रँचवर जे जनावर मरेल त्याला साखळी बांधायची आणि ट्रॅक्टरने तिथे नेऊन टाकायचं, असा रिवाज. घळीत गाईंच्या सांगाड्यांवर लांडगा पडला होता. शेजारी बेनितोचा थोरला भाऊ फर्मिन साखळी नीट गुंडाळत उभा होता.

"ये बेनी," तो म्हणाला. "कुणाचं कुत्रं होतं रे हे? बिचारं कुरणात मरून पडलेलं. गाई बुजत होत्या."

"कुत्रं?" सोरेन्सननी भुवया उंचावल्या. "अरांबुरू, इथे माझा कायदा चालतो, हे ठाऊक आहे ना?"

"साहेब, मारला पलीकडे. पूर्वेला."

"जखमी होऊन इकडे पळाला असेल. इकडे येऊन तुम्ही पुन्हा गोळी घातली असेल आणि ट्रॅक्टर फिरवून माग पुसला असेल. असे शहाणे मी पाहिलेत. कायद्याने मारलेला लांडगा कोणी हाडांत आणून टाकतं का? का ओढला, ते सांगा."

उत्तर एका वाक्याचं होतं. गेल्या शरदापासून बेनितो हे वाक्य लपवत होता. फर्मिन शेगडी पेटती सोडायचा, हा मागोमाग जाऊन विझवायचा. फर्मिन कुत्र्याला मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचा, हाही तीच हाक मारायचा. लोकांना सांगायचा, त्याला ऐकू कमी येतं. बॉइझी शहरातल्या पुतणीने म्हाताऱ्यांसाठी एक टापटीप घर हेरून ठेवलं होतं. तिला कुणकुण लागली असती तर ती काकांना न्यायला गाडी घेऊनच आली असती. आणि फर्मिन तर या खोऱ्यातला सगळ्यात जातिवंत घोडेस्वार. त्याच्यादेखत हे बोलायचं कसं?

"सवय आहे हो आमची," बेनितो चाचरत म्हणाला. "मेलेलं जनावर म्हटलं की..."

"परवाना आल्याचं भावाला ठाऊक नव्हतं?"

"कसला परवाना?" फर्मिनने विचारलं.

"असं काय करता, फर्मिनकाका!" रोवेना हसली. "मी घेऊन आले, तेव्हा तुम्हीच तर मोठ्याने वाचून दाखवलात."

फर्मिनने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आणि तू कोणाची गं, पोरी?"

रोवेनाला घोड्यावर बसायला त्यानेच शिकवलं होतं. तिचं हसू मावळलं.

"साहेब," बेनितो म्हणाला. भावाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून तो ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत राहिला. "माझा भाऊ विसरायला लागलाय. परवाना विसरला. रस्त्याचं ते अलीकडे-पलीकडे तर कधीच विसरला. बापाने शिकवलेलं तेवढं हातात राहिलंय. म्हणून ओढला. दुसरं काही नाही."

 मग सोरेन्सन गुडघ्यावर बसले. लांडग्याची कातडी दोन्ही हातांनी चाचपत त्यांनी सगळीकडे पाहिलं. एकच गोळी, थेट काळजात. पाठीचे केस साखळीने ओढल्यामुळे घासलेले.

"या जखमेने पाऊलभरही पळाला नसता," ते उठत म्हणाले. आवाज उतरला होता. "पलीकडेच मेलाय. वर कळवीन मी तसं. तुमच्यावर काही येणार नाही."

लांडगा गाडीत घालून ते निघाले. रोवेना मागे घोटाळली. "बेनी, मी कोणाकडे बोलणार नाही. पण ट्रॅक्टरची किल्ली काढून घे रे. रस्त्यावर ट्रक असतात." बेनितोने मान हलवली आणि किल्ली खिशात टाकली.

दोघं भाऊ ट्रॅक्टरला टेकून पाव आणि चोरिझोचं सॉसेज खात बसले. फर्मिन घास नुसताच घोळवत होता.

"लांडगा होता तो?"

"हो."

"मी रस्ता ओलांडून इकडे आणला, आणि तुझ्या गळ्याशी आलं."

"निस्तरलं ना! जेव तू."

"मघाशी बोललास ते खरं आहे, बेनी. मला समजतं कधी कधी. तुला समजू नये म्हणून मी गप्प होतो."

बेनितोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलं नाही.

फर्मिनने पाव बाजूला ठेवला. "हाडांची जागा रस्त्याच्या पूर्वेला करू. जुनिपरच्या झाडांमागे मोठा खड्डा काढू. मग माझ्या हातून पुन्हा झालं, तरी रस्ता ओलांडायला नको."

"करू की. उद्या सकाळी लागू कामाला."

"उद्या नको," फर्मिन म्हणाला. "आत्ताच. उद्या माझ्या लक्षात राहणार नाही."

बेनितोने खिशातली किल्ली काढून भावाच्या हातात दिली आणि तो त्याच्या मागे ट्रॅक्टरवर चढला.